मामांच्या मोटारीची चाकं

उभ्या मुळशीत विजोड वस्तूचा आमच्या धाकट्या मामांइतका कट्टर वैरी दुसरा झाला नाही. सदऱ्याचं एक बटण तुटलं, की ते उरलेली चारही तोडत आणि पाच नवी लावून घेत. छत्रीचं ठिगळ छत्रीपेक्षा जास्त काळं दिसतं म्हणून त्यांनी ती ऐन पावसाळ्याच्या तोंडावर महिनाभर उन्हात उघडून ठेवली होती. तांबड्या गाईला पांढरी कालवड झाली, तेव्हा तर गाईशी आठ दिवस अबोला धरला. आई गेल्यावर मला कासार आंबोलीला त्यांनीच वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणत, “जोड जुळंना!”

माझ्यासाठी मुळशीतल्याच चांद्याचं स्थळ आलं, तेव्हा मामा घर बघायला गेले. बोलणी गोडीत झाली, चहा आला आणि मामांनी कप हातात तसाच धरून ठेवला. “कप निळ्या फुलांचा अन् बशी गुलाबी? बशी तेवढी बदला.” माजघराच्या दारातून माझ्या होणाऱ्या आजेसासूबाई म्हणाल्या, “बदलते की! पर नवरी घेऊन याल तवा तुमी काय जुळवून आणताय, ते आमी बी बघू.”

मामांनी घरी येऊन हे सगळं सांगितलं आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. आईविना वाढलेली पोर; आपल्या जिभेपायी तिला पहिल्याच दिवशी सासरी कुणी हसू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. वरातीसाठी त्यांनी एका बंगल्यामागे वर्षानुवर्षं उभी असलेली हिरवी मोटार घेतली. तिची चाकं गंजून गेली होती, म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारातून दुसऱ्याच कुठल्या गाडीची चार चाकं आणली. ती निघाली ठार काळी! चाकांना गाडीच्याच हिरव्या रंगाचा गोल पट्टा मारायचा, असं मामांनी ठरवलं. रंग तंतोतंत मिळावा म्हणून मोटारीचं एक दार काढून धुतलं आणि ते घेऊन एसटीने पुण्याला गेले. कंडक्टरने विचारलं, “हे काय?” “नमुना हाय,” मामा म्हणाले. दाराला खिडकीशी बसवलं आणि स्वतः पुण्यापर्यंत उभे राहिले.

मग तीन दिवस ओसरीवर चाकं रंगवणं चाललं. मी म्हटलं, “मामा, फिरत्या चाकाचा रंग दिसणार कुणाला?”

“थांबल्यावर दिसतोय की! तुझ्या सासरी जाऊन थांबायचंच हाय.”

लग्नाच्या सकाळी चाकं बसवून मोटार पहिल्यांदाच सगळी धुतली आणि मामांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. नमुन्याला नेलेलं दार सावलीकडच्या बाजूचं होतं. दुसरी बाजू उन्हाने विटून पार पोपटी झाली होती. उजवीकडचे पट्टे गाडीशी बेमालूम जुळत होते, डावीकडचे मुळीच नाही. आता दुसरा रंग आणायला वेळ कुठला?

चांद्याला पोचल्यावर मामांनी ड्रायव्हरला मोटारीची उजवी बाजू घराकडे करून उभी करायला लावली आणि स्वतः डावीकडच्या चाकापुढे धोतराचा घोळ पसरून उभे राहिले. आजेसासूबाई भाकरतुकडा घेऊन आल्या, त्या नेमक्या मोटारीला वळसा घालून, मी बसले होते त्या डाव्या बाजूला.

“सरका, पाव्हणं.”

मामा सरकले. त्यांचा चेहरा मला बघवेना. म्हातारीने चाकावरचं हिरवं कडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या बांगड्या पाहिल्या.

“अगं बया! नवरीसंगं चाकांनी बी चुडा भरलाय व्हय?”

सगळी आळी खदखदून हसली, पण ते हसणं मायेचं होतं. आजेसासूबाईंनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि चारही चाकांना हळदकुंकू लावलं. मग मामांना चहा आला. कप निळ्या फुलांचा, बशी गुलाबी. मामांनी ती बशी काठोकाठ भरली, फुर्र करून प्यायली आणि डोळे पुसत म्हणाले, “आणिक घोटभर द्या.”

आता मामा नाहीत, मोटार भंगारात गेली. एक चाक मी मागून घेतलं, ते आमच्या परसात आहे. पट्टा विटला, की मी माझ्या बांगड्यांशी रंग जुळवून त्याला नवा हात देते. तंतोतंत काही जुळत नाही. मामा असते, तर आठ दिवस माझ्याशी बोलले नसते.