निरखे साहेबांचं गोव्याचं टेंडर

रांझीच्या बाजारात मोहन निरखे पिशवी घेऊन दिसले की भाजीवाले एकमेकांना खुणा करायचे. हा माणूस पहिल्या ठेल्यावर भाव विचारणार, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर, तिन्ही भाव खिशातल्या चिठ्ठीवर लिहिणार आणि ज्याचा कमी असेल त्याच्याकडे परत येणार, हे सगळ्यांना पाठ होतं. तोवर तिथली भेंडी संपलेली असायची. मग साहेब दुधी घेऊन घरी यायचे, कारण दुधीचे तीन भाव आदल्या दिवशीच घेऊन ठेवलेले असायचे.

त्यांचा दोष म्हणावा तर तसा नव्हता. रांझीच्या सरकारी फॅक्टरीच्या खरेदी विभागात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. तिथे ट्रकचा सुटा भाग लागो की संडासातलं फिनेल, रीत एकच. आपल्याला काय हवं ते अटींसकट लिहायचं, बंद पाकिटांत दर मागवायचे, ठरल्या दिवशी दुपारी तीन वाजता साक्षीदारांसमोर पाकिटं फोडायची, आणि अटींत बसणाऱ्यांपैकी ज्याचा दर सगळ्यांत कमी, डोळे मिटून त्याला ऑर्डर द्यायची. ह्या कमी दरवाल्याला खात्यात एल-वन म्हणतात. मोहनरावांनी उभ्या नोकरीत एल-वन कधी डावलला नाही आणि ठेकेदाराचा चहाही कधी प्यायला नाही. त्यांचे वडील बापूसाहेब त्याच विभागातून निवृत्त झालेले, तेही असेच. साठीला फॅक्टरीनं मोहनरावांना हार घालून घरी पाठवलं, पण खरेदी विभाग त्यांच्याबरोबर घरी आला तो आलाच.

त्यांचा एक किस्सा मराठी मंडळात दरवर्षी व्हायचा. संक्रांतीचं हळदीकुंकू झालं, तंबोल्याची तिकिटं वाटून झाली, की कुणीतरी म्हणायचंच, "निरखे साहेब, एल-वन होऊन जाऊ द्या!" मग साहेब उठून माइक घ्यायचे. "नव्वद साली माझ्यासाठी तीन स्थळं आली होती. एक सागरचं, एक बिलासपूरचं आणि एक इथलंच, गोहलपुरचं. सागरला वरात न्यायची तर बस, बिलासपूरला रेल्वे. गोहलपुरला सायकलरिक्षात बसलो नि पोचलो. वराती खर्च सगळ्यांत कमी. आमच्या सौभाग्यवती एल-वन!" लोक हसून लोळायचे. सुनेत्राबाईही हसायच्या. पस्तीस वर्षं हसत होत्या.

सुनेत्राबाई घमापुरच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. हिशेबी बाई, पण तंबोल्याचं तिकीट हातात आलं की चेहरा सोळा वर्षांच्या मुलीसारखा व्हायचा. मंडळातला फुल हाउस, म्हणजे तिकिटावरचे सगळे आकडे आधी कापल्याचं बक्षीस, बहुतेक त्यांनाच लागायचा. मुलगी अवंतिका पुण्यात नोकरीला होती. आईबाबांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली तेव्हा तिनं फोनवर विचारलं, "आई, काय हवंय तुला? साडी?"

"साडी नको," सुनेत्राबाई म्हणाल्या. "मला पणजीला जायचंय. तिथे नदीवर ते कसिनोचे जहाज आहेत ना, त्यात एकदा बसायचंय."

मोहनरावांच्या हातातला पेपर खाली आला. "जुगार?"

"जिंकायचं नाहीये हो मला. ते चाक फिरतं ना, ते थांबेपर्यंत पोटात कसं होतं तेवढं पाहायचंय. आयुष्यात एक गोष्ट तरी अशी करायचीय जिचा निकाल आधी माहीत नसतो."

मोहनराव नाही म्हणाले नाहीत. बायकोवर त्यांचा जीव होता, फक्त तो दाखवायचा नमुना अर्ज त्यांच्याकडे नव्हता. ते म्हणाले, "चलो, जाऊ. पण रीतसर."

अवंतिकानं फोनवरून सांगत सांगत त्यांच्या मोबाइलवर हॉटेलांचं ॲप टाकून घेतलं. सकाळी एका खोलीचा भाव एकवीसशे दिसला, दुपारी चोवीसशे, संध्याकाळी 'शेवटची एकच खोली' असं लाल अक्षरात आलं. मोहनराव भडकले. "हा दर आहे की ताप? सकाळी एक, संध्याकाळी एक! आणि उघडा दर कोण मानतो? सगळ्यांनी एकमेकांचा पाहून लावलाय."

"बाबा, सगळे असंच बुक करतात," अवंतिका फोनवर म्हणाली.

"म्हणून तर सगळे फसतात."

मग त्यांनी फुलस्केप कागद काढले. पणजी आणि आसपासच्या दहा हॉटेलांचे पत्ते उतरवून घेतले आणि दहाही जणांना स्पीडपोस्टनं पत्रं धाडली. अटी अकरा होत्या. संडास पाश्चात्त्य आणि भारतीय दोन्ही असल्यास प्राधान्य. गरम पाणी सकाळी सहापासून. नाश्ता शाकाहारी, त्यात अंडं दिसता कामा नये. खोलीपासून कसिनोचं अंतर एक किलोमीटरच्या आत. दर बंद पाकिटात, पंधरा डिसेंबर दुपारी तीनच्या आत पोचावेत. नंतर आलेल्या पाकिटांचा विचार होणार नाही. व्हरांड्यात मिठाईचा जुना डबा कुलूप लावून टांगला, वर चीर पाडली, आणि पोस्टमनला सांगितलं, "भैया, गोव्याची टपाल माझ्या हातात द्यायची नाही. डब्यात."

सहलीतल्या करमणुकीची यादीही त्यांनी तपासली. नदीत बोटीची सैर? काट मारली. बोटीत बसायला घराजवळ भेडाघाट आहे. दूधसागर धबधबा? काट. इथला धुआंधार धबधबा बसनं जाऊन पाहता येतो. कसिनोचं तिकीट मात्र त्यांनी कसून अभ्यासलं. शनिवार-रविवारी महाग, म्हणून मंगळवार. तिकिटात जेवण आहे, म्हणून त्या दिवशी नाश्ता नाही. "आणि सुनेत्रा, तिकीट एकच काढू. मी खेळत नाही. मी धक्क्यावर बसतो, पिशव्या सांभाळतो. तू पाहून ये."

"मी एकटी जाऊ?"

"आत गर्दी असतेच की."

सुनेत्राबाईंनी माळ्यावरून मोठी बॅग उतरवून घेतली, उन्हात ठेवली आणि पुसली. तेव्हाच त्यांचं मन थोडं खट्टू झालं होतं, पण साहेबांना ते दिसलं नाही. ते डब्याचं कुलूप ओढून पाहत होते.

दहापैकी सहा हॉटेलांनी दखल घेतली नाही. एकानं फोन करून घाबऱ्या आवाजात विचारलं, कोर्टाची नोटीस आहे का म्हणून. पण तीन पाकिटं आली, आणि तीन आली म्हटल्यावर मोहनरावांची छाती भरून आली. पंधरा तारखेला दुपारी तीनला जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर पसरली. साक्षीदार म्हणून शेजारचे दुबेजी बोलावले. ते फॅक्टरीत फोरमन होते आणि चहा मिळेल म्हणून कुठल्याही कमिटीवर बसायला तयार असत.

पहिलं पाकीट सोळाशेचं. दुसरं चोवीसशेचं, आणि त्यात दरासोबत निळ्या शाईनं लिहिलेली चिठ्ठी होती. पणजीच्या जुन्या वस्तीत घर चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी मोडक्यातोडक्या मराठीत लिहिलं होतं, 'असं पत्र मला चाळीस वर्षांत आलं नाही. गच्चीवरून नदी दिसते. नाश्ता मी स्वतः करते. अंडं तुमच्या नजरेस पडणार नाही. तुम्ही दोघं जरूर या.' सुनेत्राबाईंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि हातातच ठेवली.

तिसरं पाकीट नऊशेचं निघालं. अटी अकराच्या अकरा मान्य. कसिनोपासून अंतर: आठशे मीटर.

"एल-वन!" मोहनरावांनी टेबलावर थाप मारली.

दुबेजी मोबाइलवर नकाशा उघडून बसले होते. त्यांनी चष्मा वर केला. "निरखे साहब, आठ सौ मीटर तो सही है। लेकिन बीच में नदी है।"

खरोखरच तो नऊशेवाला लॉज नदीच्या पलीकडच्या काठावर होता. अंतर सरळ रेषेत आठशे मीटर, आणि त्यातले बहुतेक पाण्यावर. मोहनरावांनी आपली अट पुन्हा वाचली. अंतर लिहिलं होतं. रस्त्यानं की कसं, ते लिहायचं राहून गेलं होतं. छत्तीस वर्षांत त्यांच्या हातून अटीत असं भोक पडलं नव्हतं.

"फेरीबोट असते," ते म्हणाले. "पायी जाणाऱ्याला फुकट. अट मोडली नाही त्यानं. नियमाप्रमाणे ऑर्डर त्यालाच द्यावी लागते."

"आणि ह्या बाईंचं घर?" सुनेत्राबाईंनी निळी चिठ्ठी पुढे केली. "मला हे आवडलंय."

"आवड हा निकष नाही ना, सुनेत्रा. एल-थ्री आहे ते."

सुनेत्राबाईंनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. "बरोबर. आवडीचा प्रश्न कधी होताच कुठे? मलाही असंच घेतलं होतं. वराती खर्च कमी म्हणून."

दुबेजी हसायला लागले, कारण किस्सा त्यांनाही ठाऊक होता. मग त्यांनी सुनेत्राबाईंचा चेहरा पाहिला आणि चहा अर्धा सोडून घरी गेले.

"अगं, ती गंमत आहे," मोहनराव म्हणाले.

"पस्तीस वर्षं करून राहिले तुम्ही ती गंमत. चारचौघांत, माइकवर. मी हसते, कारण न हसून काय करू? नदीच्या पलीकडे राहायचं, कसिनोत एकटीनं जायचं आणि तुम्ही धक्क्यावर पिशव्या घेऊन बसणार. काहून जायचं मग? तुम्हीच जा, तुमचा एल-वन घेऊन."

त्यांनी बॅग उचलली आणि परत माळ्यावर टाकली.

पुढचे दोन दिवस घरात दुधीची भाजी झाली. सकाळीही आणि संध्याकाळीही. मोहनरावांनी मुकाट्यानं खाल्ली. माणूस कागदाचा कितीही पक्का असला तरी बायको तोंडातून अक्षर काढत नाही म्हटल्यावर त्याचा धीर सुटतो. त्यांनी पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली आणि नियमांची जुनी पुस्तकं उपसली, की उघडलेलं टेंडर रद्द करायची काही वाट सापडते का. तिसऱ्या दिवशी सकाळी वाट सापडली. त्याच पेटीत तळाशी आणखी एक कागद होता. तो त्यांनी उलगडून वाचला, पुन्हा त्याची घडी केली आणि खिशात घातला.

सुनेत्राबाई ओट्यावर उन्हात मटार सोलत बसल्या होत्या. मोहनरावांनी त्यांच्यापुढे एक ताजा लिहिलेला कागद धरला. "खात्यात अशी एक सोय असते. एखादी वस्तू एकाच जागी मिळत असेल तर टेंडर लागत नाही. फक्त प्रमाणपत्र द्यावं लागतं."

त्यांनी वाचलं. 'प्रमाणित करण्यात येते की हवी असलेली खोली फक्त याच घरी मिळते व दुसरी कोणतीही चालणार नाही. कारण: पत्नीस हीच आवडली आहे.' खाली सही, तारीख, सगळं.

सुनेत्राबाईंच्या ओठांच्या कडा जरा हलल्या. "कारण बरं लिहिलंय. ही सोय नव्वद साली नव्हती का?"

"होती."

"मग माझ्यासाठी काहून नाही वापरली?"

मोहनरावांनी खिशातला पिवळा पडलेला कागद काढून मटारांच्या परातीत ठेवला आणि दुसरीकडे पाहत उभे राहिले.

तो तीन रकान्यांचा तक्ता होता. सागरची वैभवी, बिलासपूरची यामिनी आणि गोहलपुरची सुनेत्रा. सुनेत्राबाई म्हणजे एकतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेली बाई. कॉपी कुठे आहे ते तिला पहिल्या नजरेत कळायचं. वैभवी आणि यामिनी दोघींची उंची पाच फूट दोन, दोघी बी.ए., दोघींना भरतकामाची आवड, दोघींचे वडील रेल्वेत. आणि सुनेत्राच्या रकान्यात घर नंबर, गल्ली, पिठाच्या गिरणीवरून डावीकडे, फाटक हिरवं, फाटकाची वरची कडी तुटलेली.

"ह्या दोघी कोण?"

"कोणी नव्हत्या."

"म्हणजे?"

"मंडळाच्या तंबोल्यात तू नंबर पुकारत होतीस. बावीस म्हणालीस आणि हसलीस. मी त्या दिवशी एकही आकडा कापला नाही." मोहनरावांनी ओट्यावर पडलेला एक मटार उचलून परातीत टाकला. "पण बापूसाहेब तीन स्थळांशिवाय बोलायलाच तयार नव्हते. मग दोन मी बनवली. सागरच्या बसचं भाडं मुद्दाम जास्त लिहिलं. तुलाच एल-वन आणायचं होतं. आणायचं होतं म्हणजे आणलंच. बापूसाहेबांनी महाग निघालेल्या दोघींकडे पाहिलंही नाही."

"खोटी कोटेशनं?"

"उभ्या जन्मात तेवढीच. ऑडिटला सापडलं असतं तर नोकरी गेली नसती, पण बापूसाहेबांनी घराबाहेर काढलं असतं."

"आणि हे मला पस्तीस वर्षं नाही सांगितलं?"

"तू आवडलीस म्हणायची लाज वाटायची. एल-वन म्हणणं सोपं होतं. मग लोक हसायला लागले आणि तेच चालत राहिलं."

सुनेत्राबाई इतक्या हसल्या की परात कलंडली आणि मटार ओट्यावरून अंगणात गेले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "कडी तुटलेली होती हेही पाहिलं होतंत?"

"चार वेळा गेलो होतो त्या गल्लीतून. सायकलवर."

"कसिनोची तिकिटं दोन," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

मोहनरावांनी मान डोलावली. लगेच फोन लावला. गोव्याच्या बाई इतक्या खूश झाल्या की आपणहूनच दोनशे कमी करते म्हणाल्या. मोहनराव ताठ झाले. "नाही जी. पाकीट फोडल्यावर दर बदलता येत नाही. नियम आहे." सुनेत्राबाईंनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. "बाई, तुम्ही करा कमी. ह्यांच्याकडे लक्ष देऊ नका."

कसिनोत जायचं ठरलं ते संक्रांतीनंतरच्या मंगळवारी. त्याआधी मंडळाचं हळदीकुंकू झालं, तिकिटं वाटली गेली, आणि कुणीतरी नेहमीप्रमाणे ओरडलं, "निरखे साहेब, एल-वन!"

मोहनराव उठले. त्यांनी माइक घेतला. "त्या किश्शात चूक होती," ते म्हणाले. "बाकीची दोन स्थळं मी बनवलेली होती. आज दुरुस्ती वाचून दाखवतो." आणि पिवळ्या कागदाची घडी उलगडून ते गोहलपुरच्या पिठाच्या गिरणीपासून सुरू झाले. हिरव्या फाटकाशी पोचले तोवर हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं, आणि तुटलेल्या कडीशी आल्यावर सगळे एकदम हसले.

मग तंबोला सुरू झाला. त्या वर्षी फुल हाउस दुबेजींच्या सुनेला लागला. सुनेत्राबाईंचे सगळे आकडे आधीच पुकारून झाले होते, पण त्यांनी एकही कापलेला नव्हता.