हसले की देवी यायची

लग्न होऊन आले तेव्हा मी कुठंही पेंगायची. भाकरी थापताना, गाईची धार काढताना, बोलताबोलतासुद्धा. शिवाय खदखदून हसले की गुडघे ढिले पडायचे.

एकदा कांदा खुरपताना जावेनं दिराच्या घोरण्याची नक्कल केली. मी हसले आणि वाफ्यातच आडवी झाले. सगळं ऐकू येत होतं, पण मान उचलेना. बायका ओरडल्या, "अगं, हिच्या अंगात आलं!" माझं कपाळ कुंकवानं माखलं, सासूबाई पाया पडल्या. मलाही ते खरंच वाटलं, एवढी मी मठ्ठ! मंगळवार धरले. देवीला शोभावं म्हणून हसणं सोडलं, तर देवी यायचीच बंद झाली. तरी डोक्यात उजेड पडला नाही.

परवा बारावीतली नात हसताहसता ताटासकट खाली बसली. वर्गात झोपते म्हणून ती रोज बोलणी खाते. सून म्हणाली, "आत्या, हिलाबी तुमच्यावानी देवी येती का काय?"

"आन् देवी इनोद ऐकूनच कशी येती गं? आधी नगरला डॉक्टरकडं चल."

डॉक्टरांनी सगळं ऐकलं. झोपेचा आजार दिसतोय, डोक्याला वायरी लावून झोप तपासू, गोळ्यांनी बराच फरक पडतो, म्हणाले.

नातीनं हळूच विचारलं, "म्हणजे मी आळशी नाही ना?"

"अजिबात नाही."

पोरीचा चेहरा फुलला. मी खुर्ची पुढं ओढली. "डॉक्टर, तिच्या शेजारी माझीबी खाट टाका. माझी देवी कशी दिसती ते बघायचंय मला."