फादरांना दिलेली बॅग

मंडळी, अजून डोकं ठिकाणावर नाही.

आमच्या छोट्या कॅथलिक कॉलेजात आज नवे प्रिन्सिपल आले. चॅपलमध्ये प्रार्थना झाली आणि जुन्या प्रिन्सिपल फादरांनी चाव्या त्यांच्या हातात दिल्या. आम्ही ऑफिसवाल्यांनी जुन्या फादरांना शाल, श्रीफळ आणि प्रवासाची बॅग दिली. रडलोसुद्धा.

दुपारी बघतो तर फादर स्टाफरूममध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले, बॅग पायाशी.

"फादर, गाडी चुकली का?"

"जायचंय कुठे? उद्यापासून फर्स्ट इयरला इंग्लिश शिकवायचंय. इथेच."

तेवढ्यात नवे प्रिन्सिपल आत आले. ते याच फादरांचे विद्यार्थी. फादर चटकन उठून उभे राहिले.

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत माजी चेअरमन अजून गच्चीची चावी देत नाहीत. तुमच्याकडे दिली का कुणी?