ड्रॉवरमधलं तबक

रामदासपेठेतल्या आमच्या छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सगळ्यांचे वाढदिवस रिसेप्शनच्या बाई करायच्या. केक यायचाच, पण त्याआधी त्यांच्या ड्रॉवरमधून पितळी तबक निघायचं. बोटातली अंगठी काढून त्या तबकात ठेवायच्या, निरांजन लावायच्या आणि पेशंटसमोरच ओवाळायच्या. कोणी लाजून मान फिरवली की दटावायच्या, "काहून हलून राहिले जी? कुंकू नाकावर जाईन ना!"

गेल्या वर्षी त्यांचे मिस्टर वारले. महिन्याभरानं त्या कामावर आल्या आणि पहिला वाढदिवस नेमका माझा आला. त्यांनी ड्रॉवर उघडला, तबक अर्धं बाहेर काढलं आणि हळूच विचारलं, "सर, मी ओवाळलं तर चालते न?"

एरवी असल्या रूढींवर तावातावानं बोलणारा मी. पण सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "राहू द्या आज. केक आहेच."

"हो, बरोबर," म्हणत त्यांनी ड्रॉवर लावला. टाळ्या मात्र सगळ्यांत जोरात त्यांनीच वाजवल्या.

केक अजूनही त्याच आणतात. परवा मी स्टेपलर मागितला, तर म्हणाल्या, "ड्रॉवरमध्ये आहे, घ्या न जी."

स्टेपलर त्या तबकात होता.