उजनीच्या पाण्यातले हजार मीटर

सुनंदाचा फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते. म्हणून स्पीकरवर घेतला आणि त्यामुळे सगळं नवऱ्यानेही ऐकलं. सुनंदा माझी कॉलेजातली मैत्रीण, बारामतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात खेळ शिकवते. ती म्हणाली, "माझ्या एका मुलीची शनिवारी निवड चाचणी आहे. रोइंगची. तू ये, तुला त्यातलं कळतं."

"हिला?" नवरा म्हणाला.

त्याचं काही चुकलं नव्हतं. कॉलेजात मी दीड वर्ष वल्ही मारली, एका शर्यतीत शेवटची आले आणि सोडून दिलं. मात्र त्यानंतरच्या एकाही ऑलिम्पिकमधली रोइंगची फायनल मी चुकवलेली नाही. न्यूझीलंडची, रोमानियाची, जर्मनीची, नेदरलँड्सची, जी कोणी जिंकली तिचं वल्हं पाण्यात कसं पडतं हे मी डोळे मिटून सांगू शकते. कळतं ते एवढंच, आणि तेही पडद्यावरून. पण कोणी 'तुला कळतं' म्हटल्यावर नाही म्हणणारी मी नव्हे. शुक्रवारची रजा टाकली आणि सकाळी सहाला एकटीच गाडी काढली.

जाणाऱ्यांसाठी सांगते. पुण्याहून सोलापूर रस्त्याने पाटसपर्यंत मजेत जाता येतं, तिथून उजवीकडे बारामतीचा फाटा आहे. हंगामात या फाट्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, एकामागे दुसरी जोडलेली आणि मागे दिवा असेलच असं नाही. अंधार पडायच्या आत पोहोचा. चौफुल्याला थांबून मिसळ खाल्ली. तिखट होती, पण तक्रार नाही. टोल, पेट्रोल, खाणंपिणं धरून दोन दिवसांचा सगळा प्रवास तीन हजारांच्या आत बसला, कारण मुक्काम सुनंदाकडे, बारामतीजवळच्या कन्हेरीला होता.

कॉलेजच्या व्यायामशाळेत अश्विनी भेटली. साडेसतरा वर्षांची, लांब हातांची, बोलायला कमी. ती रोइंग मशीनवर बसली आणि पहिल्या दहा फटक्यांतच मी पुढे सरकून बघू लागले. पाय आधी, मग पाठ, मग हात, कुठेही घाई नाही. हा क्रम काही लोकांना दहा वर्षांत जमत नाही.

सुनंदाने सगळं समजावलं. एका खासगी अकादमीचं तीन आठवड्यांचं शिबिर डाळजजवळ उजनीच्या पाण्यावर नुकतंच झालं होतं. शेवटी आठ मुलींतून दोघी घेणार. निवडलेल्या दोघींचं राहणं, जेवण, शिक्षण, सराव, सगळं अकादमीकडे. वयाची अट अशी की अश्विनीला ही पहिली आणि शेवटचीच संधी. चाचणी एकटीच्या होडीत, हजार मीटर. प्रत्येकीला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरणार.

"मग अडचण कुठे आहे?"

"सरळ जाण्यात," सुनंदा म्हणाली. "शिबिरात अकादमीचे सर बाजूने मोटरबोटीतून ओरडायचे, डावं दाब, उजवं दाब. उद्या कोणी ओरडणार नाही."

रोइंग न पाहिलेल्यांसाठी सांगते. यात माणूस जिकडे जायचं तिकडे पाठ करून बसतो. समोर दिसते ती सोडून आलेली जागा. अंतिम रेषा दिसत नाही, ती ओलांडल्याचा फक्त इशारा ऐकू येतो.

दुपारनंतर आम्ही अश्विनीला घेऊन तिच्या घरी निघालो, निमगाव केतकीच्या पुढे रानात. आठवडे बाजाराचा दिवस असेल तर गावातून गाडी काढायचा हट्ट करू नका. आम्ही केला आणि मिरचीच्या पाट्या आणि शेळ्या यांच्यामध्ये अर्धा तास उभ्या राहिलो. घर डाळिंबाच्या बागेला लागून. तिच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायपीट केलेली. आता मेंढरं नाहीत, बाग आहे आणि मुलगा साखर कारखान्यात कामाला आहे. अश्विनीची लहानपणची सगळी सुट्टी मात्र चुलत्याच्या कळपामागे गेलेली.

गरम शेंगोळी आणि भाकरी पुढे आली. जेवताना मी मोबाइलवर एक जुनी ऑलिम्पिक फायनल लावली. आबांनी चष्मा पुसून पाहिलं.

"ही माणसं उलटी का बसल्यात?"

"तशीच बसतात, आबा."

"जायचं एकीकडं आन त्वांड दुसरीकडं. आमच्यात असल्याला येडा म्हणत्यात."

अश्विनी हसली, पण तिची नजर पडद्यावरून ढळली नाही. न्यूझीलंडची मुलगी शेवटच्या अडीचशे मीटरवर होती. "मावशी, तिची नजर हलतच न्हाय," ती म्हणाली.

मग काय, मला आयतं व्यासपीठ मिळालं. मी सांगितलं की जगातल्या सगळ्या चॅम्पियन मुली हेच करतात. निघताना मागच्या काठावर एक खूण धरायची आणि होडीचं शेपूट तिच्यावरून हलू द्यायचं नाही. खूण सुटली की होडी वाकडी. "एकच खूण धर," मी बोट वर करून म्हणाले, "आणि काही झालं तरी सोडू नकोस."

"व्हय," ती म्हणाली. आबांनीही मान हलवली. मी स्वतःवर इतकी खूश होते की दुसऱ्यांदा शेंगोळी घेतली.

शनिवारी सकाळी सातला आम्ही, आबांनाही घेऊन, डाळजला हजर. हायवे सोडून कच्च्या रस्त्याने खाली गेलं की एकदम पाणी लागतं. पाणी ओसरलेल्या जागी हिरवं गवत उगवलेलं असतं, लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग. पक्षी बघायला येणाऱ्यांनी भिगवणकडच्या होडीवाल्यांशी भाव आधी ठरवावा, पाण्यात शिरल्यावर ठरवू नये. मी त्या दिवशी पक्ष्यांकडे धड पाहिलंही नाही. मलाच वल्हवायचं असल्यासारखी मी काठावर येरझाऱ्या घालत होते.

काठावर एक झेंडा, हजार मीटरवर दुसरा. उजव्या बाजूला मच्छीमारांची जाळी, त्यांवर रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या. सरांनी सगळ्यांना बजावलं, काठावरून एक शब्दही यायला नको. अश्विनीचा नंबर पाचवा. शिट्टी वाजली आणि ती आमच्याकडे तोंड करून आमच्यापासून लांब जाऊ लागली.

पहिले तीनशे मीटर ती जशी गेली, तसं वल्हवणं मी प्रत्यक्षात कधी पाहिलं नव्हतं. सुनंदाने माझं मनगट धरलं. घड्याळाकडे बघून ती पुटपुटली, "सगळ्यांच्या पुढे आहे."

मग होडी उजवीकडे सरकू लागली. थोडीशीच. मग जास्त. अश्विनीच्या वल्हवण्यात गोंधळ नव्हता, हेच मला कळेना. ती शांतपणे, ठामपणे, पूर्ण ताकदीने जाळ्यांकडे निघाली होती. ती बघतेय तरी कशाकडे म्हणून मी मागे वळले.

आमच्या मागे गवतावर मेंढरांचा कळप चरत होता. सगळी काळी, त्यात एकच पांढरी. आणि ती पांढरी, गवत ओरबाडत, पाण्याकडे तोंड केलं तर डावीकडे डावीकडे चालली होती. होडीचं शेपूट तिच्यावर रोखलेलं, म्हणजे नाक तेवढंच उजवीकडे.

ओरडायची सोय नव्हती. खूण हलणारी नसावी, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. कोणाला सांगावं लागेल असं डोक्यातच आलं नाही. पण जिचं बालपण 'मेंढरावरनं नजर काढू नको' हे ऐकण्यात गेलं, तिने 'एकच खूण धर, सोडू नकोस' ऐकल्यावर दुसरं काय धरायचं?

वल्हं जाळ्यात अडकलं, होडी गर्रकन फिरली आणि ती पाण्यात पडली. लाइफ जॅकेट होतं, मोटरबोट लगेच पोहोचली. पण त्या अर्ध्या मिनिटात आबा चपला घालूनच गुडघाभर पाण्यात उतरले होते.

ती काठावर आली तेव्हा दात वाजत होते. सर रागावले नाहीत, त्यांनी फक्त वही उघडली. "झेंडा समोर दिसत होता ना? कशाकडे बघत होतीस?"

"मेंढराकडं, सर."

दोन मुली फिस्सकन हसल्या.

"कुणी सांगितलं?"

अश्विनीने केसांतलं पाणी पिळलं. मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. तोंड उघडायला मला तेव्हा एक क्षण पुरला असता.

"कुणी न्हाय, सर. माझंच चुकलं."

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी चपलेच्या टोकाने चिखल उकरत राहिले. ते लिहिताना मला आजही दिसतात.

दुसरी फेरी अकरानंतर होती. तोवर वारा सुटला, पाण्यावर बारीक लाटा उठल्या आणि सर दोनदा आकाशाकडे बघून 'थांबवू का' असं सहायकाला म्हणाले. थांबवलं असतं तर सगळ्यांची पहिलीच फेरी धरणार होते, म्हणजे अश्विनीचा निकाल लागलाच होता. आबा इतक्यात कळपवाल्याशी भांडून आले. "मेंढरं बांधापल्याड न्हे म्हणलं. ऐकंना. मग मीच हाकली."

अश्विनी टॉवेल गुंडाळून बसली होती. मी जवळ गेले. "ऐक, या वेळी तो झेंडा—"

"मावशी, आता नको," ती म्हणाली. उद्धटपणे नाही, पण पक्कं. "मी बघते माझं."

मला लागलं. आणि लागण्याचा मला काही हक्क नव्हता.

सरांनी अखेर शिट्टी वाजवली. वारा बाजूने होता, प्रत्येक फटक्यानंतर होडी ढकलली जायची आणि अश्विनी डाव्या हाताने ती परत ओढून घ्यायची. तीनशेला सरळ. पाचशेला सरळ. मी पुनःपुन्हा मागे वळून पाहत होते, गवतावर आता एकही मेंढरू नव्हतं. जाळ्यांच्या बाटल्या तिच्या बाजूने निघून गेल्या. सुनंदा डोळे मिटून उभी होती. आबा विचारत होते, "पोचली का? पोचली का?" कारण त्यांना तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं. आणि मग पलीकडचा लाल झेंडा खाली आला, म्हणजे ती पोहोचली.

वेळ चांगली होती. पण सर वही बंद करेनात. सहायकाला म्हणाले, "वेळ ठीक आहे. पण सकाळचं काय? समोर झेंडा असताना मेंढीकडे बघणारी मुलगी मी पाण्यावर एकटी कशी सोडू?"

तेव्हा माझं तोंड उघडलं. मी पुढे जाऊन सांगितलं, खूण धरायला मी सांगितलं होतं, अर्धवट सांगितलं होतं.

सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हे सकाळी का नाही सांगितलंत?"

 माझ्या उत्तराची वाट न पाहता ते वहीकडे वळले. पंधरा मिनिटांनी नावं वाचली, आणि दुसरं नाव अश्विनीचं होतं. माझ्या सांगण्याने काही फरक पडला की तिच्या वेळेनेच काम केलं, हे मला माहीत नाही, आणि विचारायचं धाडसही झालं नाही. सुनंदा रडली. आबांनी नातीच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

भिगवणला जेवलो. इथे चिलापी मासा तळून मागवा, रस्सा वेगळा सांगा. जेवताना मी तिला विचारलं, या वेळी काय धरलंस?

"विजेचे दोन खांब. एकामागं एक. मागचा बाहेर डोकावला की समजायचं, वाकडं चाललंय."

"हे कुठे शिकलीस?"

"आबा माळरानावर दोन झाडं अशीच धरून चालतात. सकाळी आठवलंच न्हाय. तुमचंच डोक्यात हुतं."

आबा माशाचा काटा काढत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

पुण्याला परत येऊन आठवडा झाला. नवऱ्याला सगळं सांगितलं, तर तो टोमणे मारायचं सोडून मला चहा करून देऊ लागला, त्यावरूनच माझी अवस्था कळली. इतकी वर्षं जगभरच्या चॅम्पियन मुली पाहिल्या, त्यांची सोन्याची पदकं मोजली, आणि एका मुलीच्या एकुलत्या एक संधीसाठी मी एक वाक्य वेळेवर बोलले नाही. गाडीचा चिखल काल धुतला. ही गोष्ट धुतली जाईना, म्हणून काल संध्याकाळी अश्विनीला फोन केला. ती बॅग भरत होती.

"अश्विनी, मला माफ कर. सरांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले."

"म्हाईत हाय की. तुमी माझ्याकडंच बघत हुता."

"मग तू माझं नाव का नाही घेतलंस?"

मी भलतंच काही विचारल्यासारखा तिचा आवाज आला.

"असं कसं? तुमी आमच्या घरी जेवला हुता, मावशी. पावण्याचं नाव कसं सांगायचं?"