युरियाचं द्रावण आणि करपलेले पऱ्हे

मंडळी, आज आमच्या धानाच्या पऱ्ह्यांचा, म्हणजे रोवणीसाठी वाढवलेल्या रोपांचा, एक कोपरा माझ्या संशोधनानं जाळला.

मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात धानाच्या तणसातला, म्हणजे पेंढ्यातला, सेल्युलोज विरघळवतो आणि त्यात बांबूचा धागा मिसळून पॅकिंगचे पातळ तक्ते बनवतो. आधी त्यासाठी उग्र, विषारी रसायन लागायचं. आता पाणी, युरिया आणि कॉस्टिक सोड्याचं थंडगार द्रावण पुरतं. घरी मी हे कौतुकानं सांगत असतो.

काल कॉलेजात वीज नव्हती, म्हणून त्या द्रावणाचा कॅन घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला. त्यावर लिहिलं होतं, ‘ग्रीन’. आज सकाळी फ्रीज साफ करताना वहिनींनी तो पऱ्ह्यांवर ओतला. दुपारी तेवढी रोपं करपलेली. रोवणीला आता शेजाऱ्यांकडे पऱ्हे मागावे लागतील.

“भाऊजी, तुम्हीच तं म्हणलं, याच्यात जहर नाई, युरिया हाये,” वहिनी म्हणाल्या.

खरंच म्हणालो होतो. रोपं जाळणाऱ्या कॉस्टिक सोड्याचं नाव मात्र घरी कधी घेतलं नव्हतं.

तुम्ही आपलं काम घरी सांगताना काय गाळता?

वहिनींनी कॅनवरचं ‘ग्रीन’ खोडून लिहिलंय, ‘पोळते’.