पाठीवरची नजर

खाडीत होडी परातीतल्या पाण्यावर ठेवल्यासारखी शांत चालली होती. खाडीच्या तोंडाशी मात्र लाटा खालून उचलू लागल्या. वल्ही मारता मारता मामा म्हणाला, "आता मागे बघायचं नाही हां. समुद्रात शिरताना किनाऱ्याकडे वळून बघितलं की होडी माघारी ओढते."

मागे धक्क्यावर आई उभी होती. मला पोहता येत नाही हे ठाऊक असूनही तीच "जा" म्हणाली होती.

खाडी नेमकी कुठे संपली, ते मला कळलंच नाही. पाणी तेच, खारटपणाही तोच. माहेर सोडतानाही ते कुठल्या वळणावर संपलं, हे कुठे कळलं होतं? भीती वाटतेय की आनंद, तेही ठरेना. पण पाठीवर ओला हात ठेवावा तशी आईची नजर टेकलेली होती. तिच्याच आधाराने मी ताठ बसून राहिले.

परतल्यावर आईला म्हटलं, "तू बघत होतीस, म्हणून धीर आला."

"छे गं," ती म्हणाली, "धाडणाऱ्यानेही बघायचं नसतं. मी समुद्राकडे पाठ करून उभी होते."

मग माझ्या पाठीवर ते काय टेकलं होतं?